गोड्या पाण्याची नाव

कडूबाने आधी पाय आत सोडले, मग कंबर, आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो टाकीत उतरला. पाणी गुडघ्याखाली होतं आणि पाण्याखाली गाळ. वरच्या तोंडातून परातीएवढा उजेड खाली पडत होता. पाय टेकताच नाव थोडी डुलली. टाकीच्या लोखंडात त्याला स्वतःचाच श्वास ऐकू आला.

"कडूबा, दम कोंडला तं आवाज दे," वरून भगवंतराव पाटील म्हणाले.

"हाव, मालक."

त्याने बादली मागून घेतली, शिंदीचा खराटा मागून घेतला. काठावर सगळं गाव उभं होतं, पण लग्नाला उभं राहतं तसं नाही. पोरंसुद्धा आयांच्या पदराला धरून गप्प होती.

पूर्णेच्या या काठाला देवाने जमीन काळीभोर दिली आणि विहिरी खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि एकदा आलेला पाहुणा पुढच्या खेपेला आपला तांब्या भरूनच येतो. उन्हाळ्यात नदी आटली की पलीकडच्या गोड्या विहिरीचं पाणी बैलगाड्या आणायच्या. पावसाळ्यापासून माघापर्यंत कडूबाची नाव आणायची. खामगावात कापसाचा एक बंद पडलेला जिन होता, तिथली लोखंडी टाकी पाटलांनी आणून नावेच्या मधोमध बसवली होती. टाकीला खाली तोटी. सकाळी नाव काठाला लागली की आधी गावातल्या बायांचे हंडे भरत, मग मोहल्ल्यातल्या बायांचे. कडूबा जातीने भोई, पण त्याला भोई कोणी म्हणत नसे. पाणीवाला म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

आता त्याच पाण्याकडे लोक बघत नव्हते. भादव्याच्या अखेरीला गावात पटकी शिरली आणि घराआड तिरडी उठली. मोहल्ल्यातूनही जनाजा निघाला. तो युसूफ कल्हईवाल्याच्या पोरीचा, शकीलाचा. तालुक्याचा डॉक्टर घोड्यावर आला, त्याने तोटीचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. रोग या टाकीत आहे म्हणाला. चुना आणि नागपूरहून आलेल्या तांबड्या दवाईची पुडी पाटलांच्या हाती देऊन, टाकी आतून घासा असं बजावून तो पुढच्या गावी गेला.

रोग टाकीत आहे म्हटल्यावर तो तिथे घातला कोणी, हे ठरवायला गावाला फारसा वेळ लागला नाही. टाकी गळत होती म्हणून पटकीच्या थोडं आधी युसूफच आत उतरला होता आणि त्याने कथलाचा डाग दिला होता. पाण्याच्या टाकीत त्याला उतरवू नका, असं तेव्हा काही म्हाताऱ्या म्हणाल्याच होत्या. त्यांना आता जोर आला. युसूफने आत काहीतरी टाकलं, निदान मळकी चिंधी तरी विसरला, असं एकाने म्हटलं आणि दहांनी मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर गावाला कधी कंटाळा येत नाही. पाटलांनी तोड काढली: टाकी सगळ्यांसमोर साफ करायची. युसूफचं काही निघालं तर त्याने बायकोला घेऊन गाव सोडायचं.

युसूफ आला होता. बाभळीखाली एकटाच उभा होता. त्याच्या अंगावर पोरीला मूठमाती दिली त्या दिवशीचाच सदरा होता.

कडूबाने खराट्याने भिंती घासायला सुरुवात केली. बुळबुळीत हिरवट थर सुटून पाण्यात पडत होता. बादली भरली की तो दोर हलवायचा, वर पाटलांचा गडी तुळशीराम ती ओढून घ्यायचा, पाटील आणि चार जण गाळात काठी घालून बघायचे आणि तुळशीराम तो नदीत ओतायचा. गाळ, पानं, एक मेलेला मासा. पाणी घोट्यापर्यंत आलं तसा युसूफने दिलेला डाग दिसायला लागला. बोट फिरवावं तर सांधा लागू नये इतका सफाईदार.

तोटीच्या मागच्या कोपऱ्यात त्याच्या हाताला काहीतरी मऊ लागलं.

चिंधीच होती. गाठोडं होतं छोटं, मुठीत मावेल एवढं. कडूबाला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. युसूफचंच निघालं, चला, एकदाचं मिटलं. मग त्याने ते उजेडात धरलं.

जांभळ्या लुगड्याचा तुकडा होता, पिवळ्या काठाचा. ते लुगडं त्याने स्वतः नांदुऱ्याच्या बाजारातून आणलं होतं, लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून. गाठ न सोडताच आत काय आहे ते त्याला बोटांना कळलं. कुजलेलं लिंबू, भाकरीचा लगदा, मिरच्यांचे देठ. त्याच्या बायकोने, शालूबाईने उतरवलेला उतारा होता तो.

कोकिळा सासरहून आली तीच ओकत. पहिलटकरणीचं ओकणं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. रात्रीतून मात्र तिचे डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. शालूबाईने लुगडं फाडून त्या तुकड्याने पोरीचं अंग पुसलं, तोंड पुसलं, सगळं पुसलं, आणि दिवेलागणीला तोच तुकडा बांधून तिच्यावरून उतरवला. उतारा वाहत्या पाण्यात सोडायचा. टाकणाऱ्याने वाटेत बोलायचं नाही, नदीकडे पाठ करून खांद्यावरून मागे फेकायचा आणि मागे न बघता घरी जायचं. कोणी समोर असेल तर त्यानेही तोंड फिरवायचं. काठाला चिखल होता म्हणून ती नावेवर चढली. कडूबा नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसला होता. तो रिवाजाप्रमाणे दुसरीकडे बघत राहिला. पाण्याचा आवाज झाला आणि शालूबाई न बोलता उतरून गेली. आवाज थोडा पोकळ आला होता का? आता आठवून उपयोग नव्हता. कथलाचा आणि नवसागराचा वास जावा म्हणून टाकीचं झाकण त्यानेच उघडं ठेवलं होतं.

पहाटे कोकिळाने पेज मागितली. मरीमायने ऐकलं, असं शालूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

कडूबा गाळातच उकिडवा बसला. हे वर नेलं तर गाव काय म्हणेल ते त्याला कोणी सांगायला नको होतं. आपल्या पोरीची बला काढली आणि गावाच्या हंड्यात टाकली. करणीवाली. नदीपलीकडे अशाच एका बाईचे लोकांनी दगडाने दात पाडले होते, आणि तिला नावेतून दवाखान्याकडे नेलं होतं ते कडूबानेच. शालूबाईचं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याने गाठोडं बादलीत तळाशी दाबलं. वर तीन ओंजळी गाळ घातला. काठी तळापर्यंत काही जात नव्हती. त्याने दोर हलवला.

बादली वर जायला लागली.

"सोताच्या पोरीले खाल्लं त्यानं," वर कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. "त्याले आपली काय दया येईन?"

"अन् उभा कसा हाये, पाह्य ना."

कडूबाने उठून बादलीचं बूड धरलं.

"सोड बे, कडूबा," तुळशीराम वरून म्हणाला. "जड झाली काय?"

"खाली घे."

"काऊन?"

"घे म्हणतो ना खाली."

तो टाकीतून बाहेर आला तेव्हा अंगभर हिरवं-काळं झालं होतं. त्याने गाठोडं नावेच्या फळीवर ठेवलं. लोक पुढे सरकले. "निंघालं! चिंधी निंघाली!" असा गलका झाला आणि बाभळीखाली युसूफने डोळे मिटून घेतले.

"युसूफची नाही थे," कडूबा म्हणाला.  "माह्या घरचा उतारा हाये. कोकिळावरून काढलेला. टाकी उघडी होती, अन् म्या नदीकडं पाठ करून फेकला, थो आत पडला. म्या पाह्यलं नाही."

पाटलांनी काठीने गाठ उकलली. लिंबू बघितलं आणि काठी नदीत फेकून दिली.

"तू फेकला?"

"हाव. म्याच."

बायांच्या घोळक्यात शालूबाईने हात तोंडावर नेला. कडूबाने तिच्याकडे बघितलं नाही. तिने गप्प राहावं एवढंच त्याला हवं होतं. नाव गेली तर जाऊ दे, हाडं मोडली तर मोडू देत, तिला कोणी बोट लावू नये.

"पोरीची बला गावावर ढकलली यानं," मागून एक जण ओरडला. त्याच्या घरातून दोघं गेले होते. "पाण्यात घालून पाजली आमाले!"

दोघे-चौघे धोतर खोचून चिखलात उतरले. पाटलांनी हात वर केला, पण तो हात किती वेळ वर राहील हे पाटलांनाही ठाऊक नसावं. तेवढ्यात बाभळीखालून युसूफ निघाला. त्याला वाट द्यावी लागली; ज्याचं माणूस गेलं आणि वर ज्याच्यावर आळ आला, त्याच्या आधी हात उचलायचा हक्क कोणाला होता? तो पाण्यातून चालत नावेपाशी आला. फळीवरचा जांभळा तुकडा त्याने बराच वेळ बघितला. कडूबा मार खायला उभा राहिला.

"कोकिळा वाचली ना?" युसूफने विचारलं.

 कडूबाने होकाराची मान हलवली.

"हे मालूम हाये तिले?"

"नाही."

युसूफ लोकांकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही.

"कोणी तिच्या कानावर घालू नोका. दिवस भरत आले तिचे. अश्यात पोरीनं जीवाले लावून घेतलं तं दोन जीव जातीन." त्याने फळीवरच्या तुकड्याकडे पाहिलं. "माही तं गेलीच."

चिखलात उतरलेले होते तिथेच उभे राहिले. माराला कडूबा तयार होता, याला नव्हता. तो नावेच्या काठावर बसला आणि सगळ्या गावादेखत रडला. पाटलांनी घसा खाकरला आणि तुळशीरामला चुना कालवायला सांगितलं. आता काम पुढे न्यावं, एवढंच त्यांना सुचलं असावं. मिटलं, असं क्षणभर कडूबालाही वाटलं.

तेव्हा बायांचा घोळका हलला. शालूबाई पाण्यात उतरली. तिने पदर सावरला नाही की लुगडं वर धरलं नाही. कडूबाने ओले डोळे पुसून तिला हाताने मागे जायला खुणावलं, दोनदा खुणावलं. ती युसूफच्या समोर जाऊन उभी राहिली.

"युसूफभाऊ," ती म्हणाली, "त्यायनं नाही फेकला. म्या फेकला."

ती हळूच बोलली होती, पण काठावर इतकं शांत होतं की सगळ्यांना ते ऐकू गेलं.