खुंटीवरून उतरलेले तंबोरे

मिरजेतल्या रसूलभाईंच्या दुकानात एक नियम होता: विकलेला तंबोरा खुंटीवर दिसता कामा नये. गिऱ्हाइकाचा जीव त्याच्यावरच जडतो आणि मग दुसरा कितीही गोड वाजवून दाखवा, त्याला तो गोड लागत नाही.

लेकीच्या वेबसाइटलाही त्यांनी हाच नियम लावला. समीनानं मोठ्या हौसेनं प्रत्येक तंबोऱ्याचं वेगळं पान केलं होतं. त्यात फोटो असायचा आणि तारांखालची घोडी घासून तारा गुंजायला लागल्या की अब्बांनी छेडलेला आवाज. धारवाडच्या एका बाईंनी साइटवरच्या, पण आधीच विकलेल्या तंबोऱ्यासाठी फोनवर हट्ट धरला, तेव्हा अब्बा वैतागले.

"विकलेला माल भिंतीवर न्हाई, मग तुज्या साइटवर कशाला? काढून टाक समदं."

समीनानं एका बैठकीत विकलेल्या तंबोऱ्यांची सगळी पानं उडवली. साइट लख्ख झाली. बापलेक दोघंही खूश.

मग फोन थंडावला. राँग नंबरसुद्धा येईना. अब्बा मधूनच फोन उचलून बघायचे, चालू आहे ना. समीना साइट पुन्हापुन्हा उघडून बघायची. पोरीनं दुकानात बसायचं नाही म्हणणाऱ्या धाकट्या चाचांशी भांडून अब्बांनी तिला इथं खुर्ची दिली होती, ती या साइटच्या जोरावर. आता चाचा रोज डोकवायचे. "काय म्हणतीया तुजी साइट?" तिला त्यांचा असा राग यायचा!

शेवटी तिनं सांगलीच्या अंकिताला फोन लावला. ही कॉलेजातली मैत्रीण वेबसाइटी सांभाळायचं काम करायची. ती आधी पोटभर हसली.

"अगं, लोक त्या पानांवरूनच तुझ्याकडं येत होते! गाणाऱ्यांनी त्या आवाजांच्या लिंका कुठंकुठं टाकल्यात. आता तिथं गेलं की 'पान सापडलं नाही'. सर्च इंजिननं बघितलं, दाराला कुलूप. दिलं तुला यादीत खाली ढकलून."

"मग आता?"

"त्याच पत्त्यावर पानं परत टाक. विकला तर विकला म्हण, खाली आत्ता असलेला दाखव. पण धीर धर, लगेच वर येणार नाहीस."

आता अब्बांना पटवायचं होतं.

"अब्बा, दुकानाची जुनी जागा सोडली तवा तिथं नव्या पत्त्याची पाटी का लावली तुमी?"

"लोकं माघारी जाऊ नयेत म्हणून."

"मी पाटी न लावताच दार बुजवलं."

अब्बांचा घोडीवरचा हात थांबला. "मीच सांगितलं व्हतं की गं. टाक परत."

पानं परत आली. फोन मात्र गप्प. चाचांचं डोकावणं चालूच. बऱ्याच आठवड्यांनी एका दुपारी फोन वाजला. धारवाडच्या त्याच बाई!

"तो आवाज लावून मी रियाज करत होते. मधेच नाहीसा झाला, वाटलं दुकानच बंद पडलं. आता सापडला. अगदी तसाच एक बनवून द्याल?"

मग हळूहळू बाकीचेही फोन सुरू झाले. पुढच्या तंबोऱ्याचा सौदा ठरला तसा अब्बांनी तो नियमाप्रमाणं खुंटीवरून उतरवला.

"समीना, ह्याचं पान राहू दे. आन 'विकला' नगं लिवू, लय कोरडं वाटतंय. 'नांदायला गेला' आसं लिव."

ती हसत वळली, तर तिच्या खुर्चीत चाचा बसलेले. "काय म्हणतीया..." त्यांनी सुरुवात केली.

अब्बांनी मानही वर केली नाही. "ऊठ रं. तिला लिवायचं हाय."