चाळणीची चुकलेली निळी अंघोळ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चाळणी आहे आणि आज भयंकर संतापले आहे. चाळणी म्हटलं की तुम्हाला पीठ आठवतं. मी पीठ चाळत नाही. माझी जाळी इतकी बारीक, की खसखशीचा दाणाही तिच्यापुढे धोंडा वाटावा. फार फार पूर्वी समुद्रात जगलेल्या चिमुकल्या जिवांचे शंख मी कठीण खडकातून वेगळे करते; त्यांवरून खडकाचं वय ठरतं.

हे शंख फार नाजूक. हातोडा चालवला तर भुगाच! म्हणून आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी ताई खडकाचे तुकडे द्रावणात भिजत घालते, त्यांचा चिखल होईपर्यंत कळ काढते आणि मग तो माझ्यात ओतून वरून पाण्याची हलकी धार सोडते. चिखल वाहून जातो, शंख माझ्यापाशी राहतात. "जपून गं बाई," ती मला म्हणते. एवढ्या मायेने कुणी बोललं, की झिजल्याचं काही वाटत नाही.

एक खडक झाला की मला निळ्या रंगात अंघोळ घालायची, असा इथला नियम. जाळीत एखादा शंख अडकलाच, तर तो निळा होतो. पुढच्या खडकात निळा शंख दिसला की ओळखायचं, हा मागचा पाहुणा.

परवा ताईच्या सरांनी मला वापरलं. बाहीला डाग पडेल म्हणून नुसतं नळाखाली धरलं आणि ठेवून दिलं! काल ताईने विश्वासाने मला हातात घेतलं. तिच्या दोन वर्षांच्या कामातला तो शेवटचा खडक. त्यात तीन शंख भलतेच निघाले, त्या खडकाच्या वयाशी अजिबात न जुळणारे.

"तुझं सगळं काम बाद," सर म्हणाले. "आणि ही चाळणी टाकून दे. जुनाट झालीय."

नाचता येईना, अंगण वाकडं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, परवा हिला रंगात बुडवलं होतं ना?" ताईने विचारलं.

सर चष्मा पुसत राहिले. मग ताईनेच मला रंगात बुडवलं, धुतलं आणि बशीवर उलटं धरून टिचकी मारली. एक निळा शंख खाली पडला. भिंगाखाली पाहिलं तर त्या तिघांचाच भाऊ, आणि सरांच्या खडकातल्या शंखांशी हुबेहूब जुळणारा! ताईचं काम वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "चुकलो" म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"हं," ते म्हणाले, "तरी नवी चाळणी मागवायला हवी."

मित्रांनो, अवजाराला नावं ठेवण्याआधी ते आपण नीट धुतलं होतं का, एवढं तरी आठवा. नवी चाळणी खुशाल येऊ दे. पण त्या बिचारीला अंघोळ कोण घालणार?