जीपमध्ये कोण कुठं बसणार

माझी बायको गोदा गेल्याचं कळलं तेव्हा मी पिठाची गिरणी बंद करून दगडाला टाकी लावत होतो. शहाण्णव सालची, गणपती होऊन गेल्यानंतरची गोष्ट. समोरच्या किराणा दुकानात फलटणहून फोन आला. एरवी फोन आला की दुकानदार गल्ल्यावरूनच हाक मारतो. त्या दिवशी तो गल्ला सोडून रस्ता ओलांडून आला. तो दारात येऊन उभा राहिला तेव्हाच मला काय ते कळलं. गोदा भावाकडं, हंबीररावांकडं, चार दिवस राहायला गेली होती. सकाळी चहा घेताना पडली आणि डॉक्टर येईपर्यंत संपली.

रहिमतपूरहून फलटणला जायला अर्जुनाची जीप आणली. घरातले, शेजारचे, जो आला तो चढला. माझी थोरली बहीण शालूबाई, तिला आम्ही आक्का म्हणतो. तिचा गुडघा वाकत नाही, तरी ती मागं स्टेपनीवर बसून आली. त्या दिवशी कोण कुठं बसलं हे कुणी विचारलं नाही.

फलटणला पोचल्यावर, अजून अंगणात बाया रडत होत्या तोवर, आक्का हंबीररावांना म्हणाली, "दवाखान्यात न्यायचं सोडून चहा पाजत बसलासा व्हय?" हंबीरराव म्हणाले, "तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. तुमच्या घरात कुणाचं ध्यान होतं का?" तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आधीही त्यांचं फार जमत होतं असं नाही. पण आधी मध्ये गोदा असायची.

आमच्याकडं घरात मयत झालं की लग्नकार्य वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. आमच्या मुलीला, सईला, तेविसावं लागलं होतं. तीन वर्षं थांबणं परवडणारं नव्हतं. माघात सांगलीजवळच्या माधवनगरचं स्थळ आलं. मुलगा महेंद्र, सूतगिरणीच्या ऑफिसात नोकरीला, शांत. सईला पसंत पडला. सुपारी फोडायला आम्ही त्यांच्याकडं जायचं ठरलं.

मध्यस्थ हरीभाऊ कराडचे. त्यांनी निरोप आणला.

"सोपानराव, आत्या आणि मामा दोघं पाहिजेत. पोरीला आई नाही, तर आईच्या बाजूचं माणूस त्यांना बघायचंय. आणि एका गाडीतनं या."

"एकाच का?"

"आधीची एक सोयरीक त्यांनी मोडलीय. पोरीकडचे दोन गाड्यांतनं आले, दोन कोपऱ्यांत बसले, आणि जेवताना भांडले. मुलाचा म्हातारा आजोबा म्हणाला, फुटलेल्या घरातली पोर नको."

म्हणजे आक्का आणि हंबीरराव यांना एका जीपमध्ये घालून सांगलीच्या दारात न्यायचं होतं, आणि उतरताना त्यांची तोंडं बरी दिसायला हवी होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाटावर बसून हिशेब लावत होतो. सई बँकेच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन समोर बसली होती.

"आप्पा, आमच्या पुस्तकात असलीच गणितं आहेत. हे बघा. आठजण गोल टेबलाभोवती बसलेत. अ हा ब च्या शेजारी नाही. क हा ड च्या समोर आहे. तर फ च्या डावीकडं कोण?"

"अ आणि ब शेजारी का बसत नाहीत?"

"ते दिलेलं नाही."

"मग काय उपयोग पुस्तकाचा?"

ती हसली. मिसळणाचा डबा घेऊन आली आणि फरशीवर खडूनं जीप काढली. पुढं अर्जुना आणि दोन जागा. मध्ये तीन. मागं समोरासमोरच्या दोन फळ्या. आक्काला, म्हणजे तिच्या आत्तीला, लाल मिरची घेतली, मामाला लवंग. माझा धाकटा भाऊ नाथाजी, त्याला धणा, त्याच्या बायकोला, लीलाला, वेलदोडा. हरीभाऊंना दालचिनीचा तुकडा.

"आणि मी?"

"तुम्ही मिठाचा खडा. कुठंही चालतो."

तिनं आधी मधल्या रांगेत एका खिडकीला मिरची ठेवली, दुसऱ्या खिडकीला लवंग, आणि मध्ये हळकुंड. "दरवेळी असंच बसायचे," ती म्हणाली. मग हळकुंड उचलून डब्यात टाकलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"आत्ती पुढं. गुडघा."

"हंबीररावांनाही पुढंच लागतं. मागं मळमळतं त्यांना."

"मग दोघांना पुढं बसवा."

"जीप वेशीबाहेर तरी जाईल का?"

"बरं. मामा मधल्या रांगेत, आत्तीच्या मागं."

"तिच्या पाठीमागं बसून मी काय तिचा पदर धरून जाऊ, असं म्हणतील."

"मग मामा पुढं, आत्ती मागं."

"ते खिडकीतनं तंबाखू थुंकतात. मागच्याच्या अंगावर सडा पडतो. आक्का नवं लुगडं नेसून येणार."

हरीभाऊ मध्यस्थ, त्यांना पुढं बसवावंच लागतं. पुढच्या मधल्या जागेत गिअरचा दांडा, तिथं बाईमाणूस बसत नाही. लीला माझ्या शेजारी बसणार नाही, थोरल्या दिराला खेटून भावजय बसत नाही. नाथाजी गाडी सुरू झाली की झोपतो आणि शेजारच्याच्या खांद्यावर लवंडतो. लीलाला एकटीला मागं बसवलं तर महिनाभर ऐकावं लागेल. दिवेलागण झाली, भाकरी थापायच्या राहिल्या, आणि आमचं मिरची-लवंग चाललं होतं. माझं डोकं उठलं. गोदाला या गोष्टीला कधी वेळ लागला नव्हता. ती पदर खोचून जीपच्या दाराशी उभी राहायची आणि चला, चला म्हणायची. माणसं बसायची.

शेवटी सईनं सोडवलं. पुढं आक्का खिडकीला, हरीभाऊ गिअरपाशी. मध्ये लीला, नाथाजी आणि अर्जुनाच्या मागच्या खिडकीला हंबीरराव. म्हणजे ते आक्काच्या पाठीमागंही नाहीत आणि शेजारीही नाहीत. नाथाजी लवंडला तर बायकोवर लवंडेल. मागं नारळांच्या पाटीशेजारी मी.

"बसलं," सई म्हणाली. "उत्तर एकच निघतं."

"नवरीचा बाप नारळांशेजारी?"

"मिठाचं काय आहे, आप्पा."

सकाळी जीप आली. आम्ही कपडे करून बाहेर येईपर्यंत हंबीरराव फलटणहून पहिल्या एसटीनं येऊन पुढच्या खिडकीला बसले होते. तंबाखू मळून झाली होती. मी जवळ गेलो.

"हंबीरराव, जरा मागं बसता का? आक्काचा गुडघा—"

"दाजी, मला मागं उलटी होती. तिथं सुपारीला असलं तोंड घेऊन उतरू का?"

आक्का दारात थांबली. "मी न्हाई येत. जा तुमी."

"आक्का, तू मधल्या रांगेत बस."

"त्याच्या मागं? ह्या लुगड्यानं?"

नाथाजी म्हणाला, "दादा, आपण पॅसेंजरनं गेलो असतो तर?" त्याच्याकडं मी फक्त बघितलं. लीला नारळांची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, ती कुठं ठेवायची हे तिला कुणी सांगत नव्हतं. अर्जुना म्हणाला, "आप्पा, ऊन व्हायच्या आत निघायला पायजे. इंजिन तापतंय."

मी दोघांनाही म्हणालो, "मी सगळं लावून ठेवलं होतं. कोण कुठं, सगळं. आता तुम्ही दोघं जाऊन तुमच्या मनानं पोरीचं ठरवून या. मी गिरणी चालू करतो." आणि गिरणीच्या पायरीवर जाऊन बसलो. रागानं बसलो होतो. त्यांना घाबरवायचं म्हणून नव्हे. मला खरंच उठायचं नव्हतं.

सई दारातून बघत होती, तिच्या हाताला अजून पीठ होतं. मग हंबीररावांनी पिंक टाकली, उतरले, आणि मधल्या रांगेत अर्जुनाच्या मागच्या खिडकीला जाऊन बसले. आक्कानं ते बघितलं. आता पुढची जागा मोकळी होती. पण ती पुढं गेली नाही. लीलाच्या खांद्याला धरून ती मधल्या रांगेतच दुसऱ्या खिडकीला चढली. पाय तिरका करून कसाबसा आत घेतला. दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसले. मधली जागा रिकामी. तिथं बसायला कुणी पुढं झालं नाही. लीलानं शेवटी नारळांची पाटी तिथं ठेवली आणि ती, नाथाजी अन् मी असे मागं चढलो. ते दोघं एका फळीवर, मी समोरच्या. हरीभाऊ कराडला चढेपर्यंत पुढच्या दोन्ही जागा मोकळ्या राहिल्या. सईचं उत्तर फरशीवर राहिलं.

माधवनगरला बैठक चांगली झाली. सतरंज्या घातल्या होत्या, एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही. आक्का आणि हंबीरराव एकाच सतरंजीवर बसले, मी मध्ये बसलो. मुलाचे आजोबा सगळ्यांकडं नीट बघत होते. मामाला फलटणच्या कारखान्याचं विचारलं, आत्याला गुडघ्याचं. पोहे झाले, चहा झाला. तिथी वैशाखातली धरली. लग्न त्यांच्या दारात, मानपान बेताचे. सुपारी ताटात ठेवली.

मग आजोबांनी विचारलं, "कन्यादानाला कोण बसणार?"

"मी," मी म्हणालो.

हरीभाऊंनी सतरंजीचा धागा ओढायला घेतला. आजोबा आवाज खाली आणून म्हणाले, "तसं न्हवं, सोपानराव. जोडपं लागतं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर लग्नं बघितली. पण आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या जागा लावताना ही एक जागा माझी म्हणूनच धरली होती. मला कुठंही बसवा, नारळांशेजारी बसवा, तिथं मी बसणारच आहे, असं डोक्यात होतं.

आक्का म्हणाली, "नाथाजी आणि लीला बसतील. चुलता-चुलती."

"मामा-मामी बसतात," हंबीरराव म्हणाले. "पोरीच्या आईचं कुणी नको का?"

"कन्या आमच्या घरची हाय."

"जन्म कुणी दिला तिला?"

आजोबांनी चष्मा काढला. हरीभाऊ माझ्याकडं बघायला लागले. लीलानं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. मी दोघांच्या मध्येच बसलो होतो. एक हात आक्काच्या गुडघ्यावर ठेवला, एक हंबीररावांच्या, आणि आजोबांना म्हणालो, "माझी बायको गेल्यापासून हे दोघं आज पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. आमच्यात भांडण आहे, ते असं आहे. तिच्यासाठीचं आहे. कोण बसणार ते आम्ही ठरवून कळवतो. तुम्हाला पटत असेल तर सुपारी फोडा."

आजोबांनी चष्मा पुसला, घातला. "कळवा," ते म्हणाले. "पण लग्नाआधी कळवा."

सुपारी फुटली.

येताना मला वाटलं होतं दोघं गप्प बसतील. कसलं काय. पाटी तिथंच देऊन आलो होतो, त्यामुळं मधे काही नव्हतं. त्या रिकाम्या जागेवरून दोघं कराड येईपर्यंत भांडले. तुमच्याकडं कधी काय केलं आणि आमच्याकडं कधी काय केलं. हरीभाऊ कराडला उतरले तेव्हा त्यांनी जीपला हात जोडले. पुढं मसूरच्या आसपास आक्का म्हणाली, "तंबाखू जरा कमी खात जावा. गोदा होती तवा ती तरी बोलत होती." हंबीररावांनी पुढची पिंक टाकताना आधी मागं वळून बघितलं.

घरी सईनं दारातच विचारलं, "बसलं का माझ्या उत्तरासारखं?"

"नाही."

"मग कसं?"

मी सांगितलं. पाटीचं सांगितलं, सुपारी फुटल्याचं सांगितलं. कन्यादानाचं सगळ्यात शेवटी सांगितलं. ती आत गेली आणि मिसळणाचा डबा काढून बसली. थोड्या वेळानं डबा तसाच बंद करून फळीवर ठेवला.

"ह्याचं उत्तर पुस्तकात नसतं, आप्पा."

आक्का नाथाजीचं नाव घेते, हंबीरराव दर आठवड्याला दुकानात फोन करून स्वतःचं आणि मामीचं. लीला म्हणते, मला कशात घालू नका. सई म्हणते, तुम्ही सांगाल ते. पत्रिका छापून आल्या आहेत. कन्यादानाच्या पाटावर कोण बसणार, ते अजून ठरलेलं नाही. माधवनगरला कळवायचं राहिलं आहे.