एकच घाट दोनदा

तीन वर्षं मी सायकलवरच्या या चारशे किलोमीटरच्या मागे लागलेय. यंदा दोनशे, तीनशे, सहाशे झालं. एवढी एक फेरी सत्तावीस तासांत संपवली की वर्षाचं पदक. पहिल्या वर्षी टायर फाटला, दुसऱ्या वर्षी पोटाने दगा दिला. यंदा टायर ठीक, पोट ठीक, पण बरोबर त्सुमुरा मास्तर!

मास्तर बहात्तर वर्षांचे. "माझी ही शेवटची चारशे," असं काल सकाळी दहाला निघताना सगळ्यांना सांगून झालं, आणि तेव्हापासून बसले माझ्या मानगुटीवर. नेमून दिलेल्या दुकानात काहीतरी घ्यायचं, वेळ छापलेली पावती जपायची, तोच आमचा पुरावा. एक पावती गेली की फेरी बाद. त्यामुळे दर दुकानात मास्तरांचं सुरू, "हिसानोबाई, पावती घेतलीत ना?"

आज आठ वाजता घाटाखालच्या पाचव्या दुकानात माझं डोकंच सरकलं. "मी काय पहिलीतली आहे का हो? वीस वर्षं गल्ल्यावर उभी राहतेय मी!" तणतणत भाताचा गोळा घेतला. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, "पावती हवी?"

"नको, राहू दे." रोज खरेदी करताना म्हणते तसंच म्हटलं आणि मास्तरांकडे न बघता निघाले.

माथा दोन किलोमीटरवर असताना खायला म्हणून पिशवी उघडली. पावत्या चार. अगं बाई! रस्त्यातच रडू फुटलं. फोनला रेंज नाही. सायकल फिरवली आणि जीव काढून चढलेले दहा किलोमीटर उतरायला लागले. वाटेत मास्तर हळूहळू वर येत होते. मला बघून हात हलवत ओरडले, "हिसानोबाई, पावती!"

झालं यांचं सुरू! जखमेवर मीठ चोळायलाच बसलेत. मी ब्रेकला हातसुद्धा लावला नाही.

दुकानातली बाई म्हणाली, "पावती? तुमच्या मागचे आजोबा घेऊन गेले की! 'मी देतो त्यांना' म्हणाले."

तोच घाट पुन्हा चढले. स्वतःला इतक्या शिव्या जन्मात दिल्या नव्हत्या. माथ्यावर पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते. एकच्या आत फेरी संपवायची होती आणि पुढे अजून पंचावन्न किलोमीटर. सव्वा तासात कुठलं होतंय! पाटीखालच्या दगडावर मास्तर बसलेले.

"तुम्ही का थांबलात?" मी किंचाळलेच. "तुमची शेवटची होती ना ही?"

"वाटलं, दहा मिनिटांत याल. मग वाटलं, आणखी दहा." त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "तुमची वस्तू माझ्याकडे. तशीच घेऊन पुढे कसा जाऊ?"

पावतीवर आठ वाजून चार मिनिटं छापली होती. "चुकलं माझं, मास्तर," एवढंच तोंडातून निघालं.

ते कण्हत उठले, हेल्मेटचा पट्टा लावला.

"ठेवलीत ना नीट?"

"ठेवली," मी म्हटलं.