चौदा नंबरची राहती बाई

"काका, आपल्या कॉलनीतून पायी जाता येईल असं एक तरी ठिकाण सांगा ना."

मी उभी राहून हे विचारलं तेव्हा हिरवाई व्हिलाजच्या रविवारच्या मीटिंगमध्ये बागेतलं कारंजं कुठं बसवायचं यावर तासभर काथ्याकूट चालला होता. प्रश्न खरं तर माझा नव्हता. अपेक्षा आणि धम्मशीला या माझ्या जुन्या गल्लीतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. वसमत रस्त्यावरच्या या नव्या घरात आल्यापासून मी शाळेत रोज काहीतरी मिरवायचे. माझी वेगळी खोली, नळाला कधीही पाणी, खिडकीत सगळं आभाळ. शेवटी धम्मशीला वैतागून म्हणाली, "लय व्हिलावाली झालीस. तिथून पायी जाऊन कोथिंबिरीची एक जुडी आणून दाखव." मग ठरलं, थेट अध्यक्षांनाच विचारायचं. विचारलं तर भेळ त्यांच्याकडून. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझी हिंमत जरा जास्तच वाढली होती.

अध्यक्ष दिनकरराव हसले. "पायी कशाला जायचं बेटा? लोकांनी दारात गाड्या काय पूजेला ठेवल्यात?"

सगळे हसले, पप्पाही. शेवटच्या रांगेतली आई तेवढी हसली नाही.

"म्हणजे इथून पायी कोणीच जात नाही?"

"जातात की. आन् त्यांची नोंद राहते आपल्याकडं. उगं कोणीबी शिरत न्हाई इथं." त्यांनी फाटकावरच्या येडबा मामाला वही आणायला सांगितली आणि ती माझ्याच हातात दिली. मोठ्यानं वाच, म्हणाले, सगळ्यांना कळू दे आपली सिक्युरिटी.

नाव, घर, काम, आत, बाहेर असे रकाने होते. गाडीवाल्यांची नोंद नसते, फक्त पायी येणाऱ्यांची. मी सूत्रसंचालनाचा आवाज लावला. मनकर्णाबाई, नऊ नंबर, धुणीभांडी, आत साडेसात, बाहेर दहा. रेणुका, बावीस नंबर, स्वयंपाक, आत आठ, बाहेर अकरा.

पुढच्या ओळीवर मी थांबले. राजेश्रीबाई, चौदा नंबर, राहती कामवाली. बाहेर पावणेअकरा, आत साडेचार.

चौदा नंबर म्हणजे आमचं घर. आमच्याकडं कामवाली नाही. आणि राजेश्री माझ्या आईचं नाव.

मी मागचं पान उलटलं. तिथंही तेच. त्याच्या मागं तेच. बाकी सगळ्या बाया आधी आत यायच्या, मग बाहेर जायच्या. ही एकटीच आधी बाहेर जायची.

"काय झालं, अक्षर लागंना का?" दिनकररावांनी विचारलं. येडबा मामा ओशाळला.

"लागतंय की," मी म्हणाले आणि ती ओळ गाळून पुढची वाचली. मान वर केली तर आई माझ्याकडंच बघत होती. वही परत नेताना येडबा मामा तिच्या खुर्चीला घासून गेला, पण त्यानं ओळखलं नाही. उन्हाच्या स्कार्फशिवाय त्यानं तिला कधी पाहिलंच नसणार.

तो सगळा रविवार मला एका जागी बसवेना. वर जायचे, खाली यायचे. घर तर तसंच होतं, गुळगुळीत आणि थंडगार. जुन्या गल्लीत, मोंढ्याच्या बाजारामागं, आमच्या दोन खोल्या होत्या. पाणी आठ दिवसांनी यायचं, नालीचा वास कायमचा, आणि अभ्यासाला बसलं की शेजारच्यांचा टीव्ही आपलाच असल्यासारखा. पण दारातच आईचं पिको-फॉलचं मशीन होतं. चौदा वर्षं तिनं त्या खिडकीत बसून अर्ध्या मोंढ्याच्या साड्यांचे काठ शिवले. अंगावर कायम दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. पप्पा संध्याकाळी दुकानातून आले की तिच्या खांद्यावरचा एखादा दोरा उचलायचे नि म्हणायचे, आज कोणाची पैठणी घेऊन आलीस?

झरी गावातलं रान विकून पप्पांनी हे घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर ते आईला म्हणाले, आता तुला मशीन हाणायची गरज न्हाई, आरामात राहा. आईनं मशीन गल्लीतल्या कमलमावशीला देऊन टाकलं. निदान आम्हाला तसं सांगितलं. मग शेजारच्यांची स्कूटी आणून तिला शिकवायचा एक प्रयोग झाला. तिनं ती सरळ कॉलनीच्या भिंतीवर घातली आणि किल्ली पप्पांच्या हातात देऊन घरात निघून गेली. तेव्हा मी पोट धरून हसले होते.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी शाळेतून निघाले ती तडक गल्लीत. दहा मिनिटांचा रस्ता, त्यात मला चार जणांनी अडवलं. गिरणीवाल्या नागनाथकाकांनी पप्पांची तब्येत विचारली, बांगडीवालीनं बारीक झालीस म्हणून झापलं. नालीचा वासही होताच, नाही असं नाही.

कमलमावशीच्या ओट्यावर मशीन होतं. त्यावर जांभळी साडी, आणि चष्मा लावून आई. भोवती तीन बाया बसलेल्या. कोणाच्या तरी सुनेचा किस्सा चालला होता नि आई मान मागं टाकून हसत होती. ते हसू मी सहा महिन्यांत ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं नाही हेही मला तोवर कळलं नव्हतं.

"आलीस का," ती म्हणाली. मशीन थांबलं नाही.

"आई, कामवाली?"

"पहिल्या दिवशी त्यानं इचारलं, कुण्या घरी कामाला हायेस? पायी जाणारी बाई मनल्यावर त्याला दुसरं काय सुचावं? म्या मनलं, चौदा नंबर. राहती का? मनलं, हाव, राहती." तिनं माझ्याकडं बघितलं. "यात खोटं काय हाय, सांग."

"म्या तर हिला मनलं, दिनकररावाकून दिवाळीचं लुगडं घे," कमलमावशी म्हणाली आणि बाया पुन्हा हसल्या.

मला हसू येईना. पप्पांना का नाही सांगितलं, मी विचारलं. आईनं दातानं दोरा तोडला.

"सांगायचंच हाय. रोज संध्याकाळी ठरवते. आन् ते चप्पल काढता काढता मनतात, किती शांत हाय न्हाई इथं." तिनं साडी फिरवून दुसरा काठ सुईखाली घेतला. "लय हौसेनं बांधलंय त्यायनं. दिवसभर फाटकाकडं बघत बसले मी महिनाभर, कोणी येतंय का मनून. कोणी येत न्हाई, दीपा. इथं मशीन सुरू केलं की बाया येतात. जा आता, घंटा व्हायलीय."

मी पळत शाळेत गेले. भेळ द्यायला अपेक्षा आणि धम्मशीला तयारच होत्या. मी म्हणाले, राहू द्या.

संध्याकाळी पप्पा माझ्यासाठी स्कूटीचं माहितीपत्रक घेऊन आले. मला सोडायला त्यांना रोज दुकान उशिरा उघडावं लागतं, त्यामुळं माझ्याइतकीच त्यांनाही घाई होती. त्यांनी ते डायनिंग टेबलावर पसरलं. लाल घ्यायची का निळी, विचारलं. निळी. सहा महिने मला निळीच हवी होती, शाळेत ती कुठं लावायची तेही ठरलं होतं. आई ताटं मांडत होती.

"पप्पा, कोणतीच नको," मी म्हणाले. "उद्यापासून मला सोडायलापण येऊ नका. मी आईबरोबर पायी निघणार."

"आईबरोबर? आई कुठं निघाली?"

मी आईकडं बघितलं. ती नको म्हणाली असती तर मी गप्प बसले असते. ती ताट तसंच हातात धरून उभी राहिली. तिच्या खांद्यावर जांभळ्या दोऱ्याचा तुकडा होता.

पप्पांनी तो पाहिला. मग जुन्या सवयीनं त्यांचा हात पुढं झाला, त्यांनी तो उचलला आणि बोटाला गुंडाळत बसले. या वेळी कोणाची पैठणी, ते विचारलं नाही.

"पावणेअकराला निघू," मी म्हणाले. "फाट्यापर्यंत पायी, तिथून ऑटो. आणि फाटकावरच्या वहीत आमच्या दोघींची नावं मी लिहिणार. कामाचा रकानापण मीच भरणार."