माझा तांबडा दिवा

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. हसू नका मित्रांनो! तुमच्या घरी आता भिंतभर एचडी टीव्ही आलेत, त्यावर खेळातल्या माणसाच्या भुवईचा केससुद्धा दिसतो. माझा माणूस म्हणजे एकावर एक ठेवलेले चार तांबडे-निळे चौकोन. पण त्या चौकोनांपायी एका घरानं जीव मुठीत धरला होता, आणि माझ्या डोक्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो, देव जाणे. मला आठवतं ते सांगलीतलं एक दुकान. अंग करड्या प्लास्टिकचं, दोन बाजूंना दोन रिमोट आणि पुढं एक तांबडा दिवा. माझ्या कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचं छापलं होतं, निघाले पाच-सहाच. त्यात माझा काय दोष? छापणाऱ्याला विचारा!

१९९९ च्या उन्हाळ्यात फौजेतले हवालदार नाथाजी सुट्टीवर इस्लामपूरला घरी निघाले होते. त्यांनी मला लेकीसाठी घेतलं. लेकीचं नाव क्रांती. वर्षातून एकदा दिसणाऱ्या बापाला ती फार बुजायची. आईच्या पदराआडून "व्हय" आणि "न्हाई", एवढंच बोलायची. पोरीशी काय बोलावं हे नाथाजींनाही उमजेना. मग त्यांनी मला टीव्हीला जोडलं, एक रिमोट तिच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः धरला.

"आबा, उडी मारा! आवं, फुडं खड्डा हाय!"

"कुठलं बटन गं?"

"उजवीकडचं! गेला बघा खड्ड्यात. कसलं फौजी तुमी!"

घरात हसू फुटलं. नाथाजींची आई बनुबाई तांदूळ निवडायचे सोडून बघत बसायच्या. बायको शालूबाई पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहायच्या. बापलेकीचं सूत माझ्यासमोर जुळलं, आणि मला माझाच अभिमान वाटू लागला.

तेवढ्यात कारगिलला लढाई पेटली. सुट्टी रद्द झाल्याची तार आली, तेव्हा दोघं शेवटच्या किल्ल्याच्या दारात पोचले होते. नाथाजींनी खेळ आहे तिथंच थांबवला आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हितंच ऱ्हाऊ दे. आलो की फुडचं खेळू."

ते गेले. क्रांतीला पक्कं ठाऊक होतं, की मला बंद केलं की सगळं पुसलं जातं. आमच्या वेळच्या खेळांना आठवण नव्हती, मित्रांनो. म्हणून तिनं मला बंदच केलं नाही.

"ह्यो दिवा कशाला जळतोय गं?" बनुबाईंनी विचारलं.

"आबांचा माणूस आत हुबा हाय, आजी. दिवा इझला की त्यो मरतोय."

बनुबाईंचा चेहरा उतरला. दर नवरात्रात त्या घटापुढचा अखंड दिवा जिवापाड जपायच्या. तो विझू द्यायचा नसतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या माझ्यापुढं आल्या, मला हळद-कुंकू लावलं आणि वर जास्वंदीचं फूल ठेवलं. "माजं लेकरू परत येईस्तवर ह्याला कुनी हात लावायचा न्हाई," त्यांनी बजावलं.

झालं! टीव्हीवर बातम्या लागायच्या, डोंगर आणि तोफा दिसायच्या, आणि शेजारी मी जळत असायचो. बातम्या संपल्या की तिघी माझ्याकडं बघायच्या. अहो, मी खेळणं! कुणाचा जीव राखणं मला कसं जमणार? माझा अडॅप्टर तापून चटके देत होता. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण आमच्या जातीला तोंड कुठं असतं?

एका दुपारी जळका वास सुटला. अडॅप्टर खिडकीच्या पडद्याला टेकला होता, आणि त्याच पडद्याखाली चटईवर क्रांती झोपली होती. शालूबाई धावत आल्या. हात पुढं केला, तसाच मागं घेतला.

"आत्ती, पडदा काळा पडाय लागलाय!"

"हात लावू नगंस, शाले! माज्या लेकाचा दिवा हाय त्यो!"

शालूबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा झोपलेल्या लेकीकडं. मग डोळे मिटून त्यांनी पिन उपसली.

क्रांती जागी झाली आणि किंचाळली, "आई, आबांना मारलंस तू!"

त्या माउलीनं तिला पडद्याखालून बाजूला ओढलं. बनुबाईंनी त्या दिवसापासून सुनेच्या हातचा चहा सोडला. पुढं शेजाऱ्यांच्या घरी फोन आला, नाथाजी जखमी होऊन दवाखान्यात आहेत म्हणून. सासू एवढंच म्हणाली, "इझिवलास न्हवं?"

घरात कुणी नसताना शालूबाई माझ्याजवळ यायच्या आणि पिन परत परत बोर्डात खुपसायच्या. "पेट की रं बाबा, एकदा तरी पेट!" अडॅप्टर जळून गेलेला, पेटणार कशानं? त्या भिंतीला टेकून रडायच्या. मला तेव्हा माझ्या त्या दिव्याचा रागच आला.

दसऱ्याच्या सुमाराला नाथाजी घरी आले. डाव्या पंजाला दोनच बोटं राहिली होती. लेकीनं आईची तक्रार सांगितली, बनुबाईंनी सुनेची. शालूबाई खाली मान घालून उभ्या होत्या. नाथाजींनी तो करपलेला पडदा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"आयं, बंदुकीची नळी तापली तर आमी बी तिला थांबिवतो. न्हाई तर ती धरणाऱ्याचाच घात करती. शालूनं माजी पोर वाचिवली, आन् तू तिच्या हातचा चहा सोडलास व्हय?"

बनुबाई पदराचा काठ चाचपत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "शाले, च्या टाक गं. मला बी घोटभर दे."

क्रांती आईच्या कमरेला मिठी मारून हुंदके देऊ लागली.

मला नवा अडॅप्टर आला. पण नाथाजींना एकट्यानं रिमोट धरता येईना. तेव्हा क्रांती त्यांना खेटून बसली. एकाच रिमोटच्या डाव्या बाजूला तिचा अंगठा, उजव्या बाजूला त्यांचा. "चालवायचं मी, उड्या तुमच्या!" माणूस सारखा खड्ड्यात पडत होता आणि दोघं हसत होती.

मित्रांनो, आज मी माळ्यावर आहे, तक्रार नाही. एवढंच मागतो: आमच्यासारख्या वस्तू वेळेवर बंद करत जा, आम्हालाही विसावा लागतो. आणि कुणाचा जीव आमच्यावर टांगू नका, तेवढं बळ आमच्यात नाही.

नवा अडॅप्टर आला त्या संध्याकाळी खेळ संपल्यावर क्रांती बटणापाशी आली आणि थबकली. आईनं तिच्या हातावर हात ठेवला. दोघींनी मिळून मला बंद केलं. दिवा विझला. क्रांतीनं चटकन मागं वळून पाहिलं. आबा तिथंच बसून चहा पीत होते.