खवट

जावयाने काचेच्या नळीतून तांब्याची पट्टी चिमट्याने वर काढली, पण तेल काही तिच्यावरून ओघळेना. मधासारखं लोंबत राहिलं.

तेल शेंगदाण्याचं होतं आणि मोटारीच्या इंजिनात वंगण म्हणून घालायचं होतं. शोध सासऱ्यांचा. निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, शेजाऱ्यांशी भांडतात. यांनी जगाला खनिज तेलाच्या तावडीतून सोडवायचं मनावर घेतलं होतं. जावई नेमका तेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला, त्याला कोण काय करणार?

रसायनशास्त्राला नात्याची भीड नसते. उष्णता, हवा आणि तांबं एकत्र आलं की असल्या तेलाचे रेणू तुटतात, आंबतात आणि उरलेसुरले एकमेकांच्या गळ्यात पडून चिकटा होतो. इंजिनात हे झालं की इंजिन जाम.

"बाबांना खोटं सांगू नकोस," बायकोने सकाळीच बजावलं होतं. "आणि हे बघ, खरंही सांगू नकोस."

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसले होते.

"काय म्हणतंय आमचं तेल?"

"रंग चांगला आलाय, बाबा."

"रंग? भिंतीला फासायचंय का, जावईबापू?"

ते उठले, नळीवर वाकले आणि त्यांनी वास घेतला.

"खवट झालं."

"थोडंसं."

"थोडंसं खवट असं काही नसतं हो. मी खवट आहे, मला विचारा."

हसावं की नाही हे न कळून जावई पट्टी पुसू लागला. चिकटा निघेना.

"तुमच्या मुलीला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांगा, आशा आहे. हे सुटलं तर बाबा दिवसभर काय करतील, या काळजीने ती अर्धी होते."

त्यांनी पिशवीतून दुसरी बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे जवसाचं."

"बाबा, जवस तर याहून लवकर बिघडतं..."

"माहीत आहे. वाचलंय मी." ते पुन्हा स्टुलावर बसले. "चाचणी चालेल तितके दिवस चालू दे. तुमच्या सासूबाई गेल्यापासून घरी समोरची खुर्ची रिकामी असते. इथे निदान तुमची पाठ दिसते."

जावयाने नवी नळी भरली. नळी तापवायच्या भट्टीवर नियमातलं तापमान आधीच लावलेलं होतं. त्याने दाराकडे एकदा पाहिलं, आणि बटण मागे फिरवत फिरवत तेल जेमतेम कोमट राहील इथवर आणून ठेवलं.